फुलराणीची वाणी : भक्ती बर्वे यांच्या अभिनयाचा एक विचार

पवित्र शनिवारी पहाटे वेदीसाठी फुले आणावयास आम्ही दरवर्षी मार्केट यार्डात जातो. प्रायश्चित्तकाळात वेदी फुलांवाचून राहते, म्हणून पुनरुत्थानाच्या जागरण-विधीसाठी फुले निवडताना मनाला एक वेगळाच उल्हास वाटतो. गुलटेकडीच्या त्या फुलबाजारात सूर्योदयापूर्वीच झेंडूचे ढीग पडलेले असतात, शेवंतीच्या करंड्या उघडलेल्या असतात आणि आडत्यांच्या गाळ्यांपुढे लिलावाचा गलका चाललेला असतो. त्या गलक्याच्या कडेला किरकोळ विक्री करणाऱ्या बायका बसतात. त्यांच्यापैकी एक वृद्धा आम्हांला ओळखते. यंदा तिने आमच्या हाती निशिगंधाची जुडी ठेवली आणि ती म्हणाली, "फादर, ही गुलछडी कवळी हाय. रातच्या पूजंपत्तुर टिकंल. ती दुसरी नका घेऊ, दिसाया गोरी, पन आतून मेल्याली हाय."

दिसावयास गोरी, पण आतून मेलेली! बाजारातून परतताना हे वाक्य आमच्या मनात घोळत राहिले. फुलाची पारख, गिऱ्हाईकाविषयीची आस्था आणि थोडासा विनोद, एवढे सारे त्या बाईने एका वाक्यात बसवले होते. त्यातला एकही शब्द शाळामास्तरांनी 'शुद्ध' म्हणून स्वीकारला नसता. आणि मग, फुलबाजारातून परतताना अनेकदा होते त्याप्रमाणे, आम्हांला भक्ती बर्वे यांची आठवण झाली.

आमच्या वाचक कुटुंबांपैकी वडीलधाऱ्यांना हे नाव नव्याने सांगावयास नको. तरुण वाचकांसाठी थोडा परिचय देतो. भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ चा. सुधा करमरकर यांच्या बालरंगभूमीवर त्यांच्या अभिनयाची सुरुवात झाली. पुढे मुंबई दूरदर्शनच्या पडद्यावर बातम्या सांगणारा त्यांचा चेहरा घराघरांत परिचित झाला. १९७५ साली पु. ल. देशपांडे यांचे 'ती फुलराणी' हे नाटक रंगभूमीवर आले आणि त्यातील फुले विकणाऱ्या मंजुळेच्या भूमिकेने त्यांचे नाव महाराष्ट्रभर पोहोचवले. हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकांनी त्यांना १९८३ च्या 'जाने भी दो यारो' मधील धूर्त संपादिकेच्या रूपात पाहिले. १९९० चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. ज्येष्ठ अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पती. १९९६ साली त्यांचे निधन झाले. १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेल्या मोटार अपघातात भक्तीताईंचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते.

त्यांच्याविषयी जे जे लिहिले व बोलले जाते त्यात 'अष्टपैलू' हे विशेषण हटकून येते. विशेषण चुकीचे नाही. परंतु ते वापरून आपण विचार करण्याचे थांबतो, अशी आमची तक्रार आहे. अष्टपैलू म्हणजे काय? आज विनोदी, उद्या गंभीर; आज फुलवाली, उद्या कस्तुरबा; एवढ्यावरच जर अष्टपैलुत्व ठरत असेल, तर ते वेषांतराचे कौशल्य झाले. बहुरूपीदेखील सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे सोंग आणतो व आपण त्याला दाद देतो. भक्ती बर्वे यांचे थोरपण याहून वेगळ्या ठिकाणी आहे, असे आम्हांस वाटते. ज्या व्यक्तीची भूमिका त्या करीत, तिच्या बोलण्याला त्या पूर्ण मान देत. ते बोलणे राजवाड्यातले असो वा पदपथावरचे, त्या त्याच्याकडे वरून पाहत नसत. या एका गुणातून त्यांचे बाकीचे गुण उगवलेले आहेत. हे आम्ही 'ती फुलराणी'च्या आधारे दाखवू इच्छितो.

'ती फुलराणी' हे जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या नाटकाचे मराठी रूप आहे. शॉ यांचे नाटक प्रथम १९१३ साली व्हिएन्नात आणि १९१४ साली लंडनमध्ये रंगले. कथा सर्वपरिचित आहे. भाषाशास्त्राचा एक गर्विष्ठ प्राध्यापक रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीचे गावंढळ उच्चार ऐकतो आणि काही महिन्यांत तिला उच्चकुलीन स्त्रीसारखी बोलावयास शिकवून दाखवीन, अशी पैज मारतो. पैज तो जिंकतो. पण आता या मुलीचे पुढे काय, हा प्रश्न त्याला सुचतही नाही. तो तिलाच विचारावा लागतो.

शॉ यांनी नाटकाला दिलेले नाव एका ग्रीक दंतकथेतून आले आहे. पिग्मॅलियन नावाचा शिल्पकार आपण घडवलेल्या मूर्तीच्याच प्रेमात पडतो आणि देवतेच्या कृपेने त्या मूर्तीत प्राण येतो. परंतु शिल्पकाराच्या त्या मूर्तीला आधी आवाज नव्हता. ती दगडच होती. फुलवालीला मात्र आवाज होता. प्राध्यापकाची भेट होण्यापूर्वीही ती बोलत होती, भांडत होती, हसत होती, आपले पोट भरीत होती. प्राध्यापक समजतो की आपण दगडातून स्त्री घडवली. नाटककाराला ठाऊक आहे की स्त्री आधीपासूनच होती. या दोन समजुतींमधला संघर्ष हाच नाटकाचा प्राण आहे, आणि तो जिवंत ठेवण्याची सारी जबाबदारी फुलवालीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीवर येऊन पडते. पहिल्या अंकातील मुलगी प्रेक्षकांना केवळ हास्यास्पद वाटली, तर प्राध्यापकाचेच म्हणणे खरे ठरते आणि नाटक हरते.

याच कथेवरून 'माय फेअर लेडी' ही संगीतिका १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये आली आणि १९६४ साली तिचा चित्रपट निघाला. चित्रपटात फुलवालीची भूमिका ऑड्री हेपबर्न यांनी केली. पण त्यांची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली. गरीब मुलीच्या तोंडी दुसऱ्याची वाणी घालण्याची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटात नायिकेच्याच तोंडी दुसरीचा आवाज घातला गेला! मराठी रंगभूमीवर असे घडले नाही. मंजुळेची रांगडी बोली आणि तिची शिकून कमावलेली भाषा, या दोन्ही एकाच कंठातून आल्या. शिवाय तो कंठ कोणाचा? ज्या स्वच्छ, संयत मराठीतून घराघरांत बातम्या ऐकल्या जात, त्या निवेदिकेचा. म्हणजे प्राध्यापक मंजुळेला ज्या भाषेपर्यंत नेऊ पाहत होता, त्या भाषेवर भक्ती बर्वे यांचे प्रभुत्व आधीपासूनच होते. त्यांना प्रवास उलट दिशेने करावयाचा होता. वरून खाली आलो, असे प्रेक्षकांना क्षणभरही जाणवू न देता त्यांना मंजुळेच्या बोलीत उतरावयाचे होते.

येथे मराठी भाषेचा एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. चांगल्या उच्चाराला आपण 'शुद्ध' म्हणतो आणि वेगळ्या उच्चाराला 'अशुद्ध' म्हणतो. हे शब्द आपण सहज वापरतो. पण ते शाळेत येण्यापूर्वी कोठे होते, याचा विचार करीत नाही. शुद्ध आणि अशुद्ध हे सोवळ्या-ओवळ्याचे शब्द आहेत, पाणवठ्याचे आणि उंबरठ्याचे शब्द आहेत. इंग्रज प्राध्यापक फुलवालीला गरीब आणि अडाणी म्हणून हिणवतो. मराठीत मात्र 'ण' चा 'न' झाला की बोलणाऱ्याची जीभच विटाळलेली ठरते. ज्या आजी-आजोबांनी पाणवठ्यावरचा विटाळ सोसला, त्यांच्या नातवंडांना आपण वर्गात जिभेचा विटाळ सोसावयास लावतो. आमच्या वाचकांपैकी अनेक कुटुंबांची मुळे नगर जिल्ह्याच्या खेड्यांत आहेत. आपण काय म्हणतो आहोत, हे त्यांना अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही.

म्हणून पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक मराठीत आणले तेव्हा ते केवळ एका विनोदी नाटकाचे रूपांतर राहिले नाही. सतीश दुभाषी यांनी साकारलेल्या प्राध्यापकासमोर भक्ती बर्वे यांची मंजुळा उभी राहिली, तेव्हा तेथे दोन माणसांबरोबर दोन मराठी भाषाही समोरासमोर उभ्या होत्या. या नाटकातील प्रवेश आम्ही प्रथम विद्यार्थिदशेत ध्वनिफितीवर ऐकले आणि पुढे पडद्यावर पाहिले. ध्वनिफितीचा एक लाभ होता. हावभाव दिसत नव्हते, त्यामुळे सारे लक्ष आवाजाकडे जाई. मंजुळा एकटी असताना त्या प्राध्यापकाला धडा शिकवण्याची स्वप्ने रंगवते, ते स्वगत आजही स्नेहसंमेलनांतून मुली हौसेने म्हणतात. त्या म्हणतात तेव्हा बहुधा केवळ आरडाओरडा ऐकू येतो. मूळ स्वगतात राग आहे. पण रागाच्या पोटात अपमान आहे, अपमानाच्या पोटात एक भुकेले पोर आहे, आणि त्या पोराला आपल्या स्वप्नांची स्वतःलाच गंमत वाटते आहे. हे सारे भक्तीताई एकाच दमाच्या चढउतारात दाखवतात. शब्द वेगाने धावतात आणि तरीही शेवटच्या रांगेतील श्रोत्याला प्रत्येक अक्षर वेगळे ऐकू यावे इतके ते स्पष्ट राहतात. बोली रांगडी असली म्हणजे उच्चार ढिसाळ असला पाहिजे, हा आपला गैरसमज त्या एका स्वगताने दूर करतात. मंजुळेची बोली त्यांनी जितक्या काळजीने उच्चारली, तितक्याच काळजीने त्या बातम्या वाचीत.

नाटकाच्या उत्तरार्धात मंजुळा प्राध्यापकाची भाषा बोलू लागते. येथे बहुतेक प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण आता ती 'आपल्यासारखी' झाली. आमच्या कानांना मात्र या भागात एक उणीव जाणवते, आणि ती उणीव अभिनेत्रीने जाणूनबुजून ठेवली आहे असे आमचे मत आहे. शब्द आता निर्दोष आहेत. पण त्यांच्यामागचा मोकळा श्वास आखडला आहे. नव्या चपला घालून चालणाऱ्या माणसासारखी ती भाषेतून जपून पावले टाकते. तिने मिळवले ते खरेच आहे. परंतु त्यासाठी काय द्यावे लागले याचा हिशेबही त्या आवाजात आहे. भक्ती बर्वे यांनी मंजुळेचा विजय साजरा केला. परंतु त्या विजयाची किंमत त्यांनी लपवली नाही.

येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न राहता आरती होईल. पुढील काळात 'पु. ल., फुलराणी आणि मी' या एकपात्री कार्यक्रमातून भक्तीताई या भूमिकेच्या आठवणी सांगत आणि प्रवेश सादर करीत. हा कार्यक्रम आम्ही पुण्यात पाहिला. त्यांचे कसब तसूभरही कमी झाले नव्हते. परंतु प्रेक्षक त्या स्वगताची वाट पाहत बसले होते, आवडते गाणे कधी येईल याची वाट पाहावी तसे. स्वगत सुरू होताच, अर्थ पोहोचण्यापूर्वीच हशा उसळला. मंजुळेच्या अपमानाला हसावयाचे नाही, तर अपमान करणाऱ्याला हसावयाचे, हा भेद त्या क्षणी सभागृहात पुसला गेला होता. दोष अभिनेत्रीचा नव्हता. एखादी भूमिका फार लोकप्रिय झाली की प्रेक्षक तिला पिंजऱ्यात ठेवतात आणि तेच तेच गाणे म्हणावयास लावतात. एका फुलराणीने भक्ती बर्वे यांच्या इतर भूमिका लोकांच्या स्मरणातून मागे सारल्या, ही मराठी रंगभूमीची हानीच आहे.

त्या इतर भूमिकांकडे वळू. चिं. त्र्यं. खानोलकर यांनी ब्रेख्त या जर्मन नाटककाराच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल' चे 'अजब न्याय वर्तुळाचा' हे मराठी रूप केले. विजया मेहता यांनी ते दिग्दर्शित केले आणि भक्ती बर्वे यांनी त्यात काम केले. आम्हां ख्रिस्ती वाचकांना या नाटकाचे बीज परिचित वाटेल. एका लेकरावर दोन स्त्रिया हक्क सांगतात, हा शलमोन राजाच्या न्यायाचा प्रसंग. शास्त्रात खरी आई तीच ठरते, जी लेकराचे तुकडे होऊ नयेत म्हणून आपला हक्क सोडते. ब्रेख्त या कथेला कलाटणी देतो. त्याच्या नाटकात जन्मदाती लेकराला टाकून पळते, दासी त्याला उचलते व जपते, आणि न्यायाधीश लेकरू दासीच्या स्वाधीन करतो. वरवर पाहता ही शलमोनाच्या न्यायाची उलथापालथ आहे. खोलवर पाहिले तर न्याय तोच आहे: जी सोडावयास तयार होते, तीच आई. ज्या दासीला घरात कोणी नावाने हाक मारीत नाही, तिचा शब्द न्यायासनासमोर वजनदार ठरतो. मंजुळेच्याच कुळातील ही गोष्ट आहे.

अशोक पाटोळे यांच्या 'आई रिटायर होतेय' या नाटकात भक्तीताईंनी मध्यमवर्गीय घरातील आई उभी केली. आयुष्यभर घर चालवलेली ही बाई एके दिवशी जाहीर करते की आपण या कामातून निवृत्त होत आहोत. नाटकाच्या नावाला आपण हसतो आणि हसता हसता आपल्याच स्वयंपाकघराकडे पाहू लागतो. ही आई फुलवाली नाही, दासी नाही. तिची भाषा 'शुद्ध' आहे. तरीसुद्धा तिचे कोणी ऐकत नाही. भाषा शुद्ध केली की मान मिळतो, हे प्राध्यापकाचे गणित येथे साफ चुकते. बोलणारीला मान हवा असेल तर ऐकणाऱ्याचे कान बदलावे लागतात.

अजित दळवी यांचे 'गांधी विरुद्ध गांधी' हे नाटक आम्ही धर्मगुरुपदाचे शिक्षण घेत असताना पाहिले. महात्माजी आणि त्यांचे ज्येष्ठ पुत्र हरिलाल यांच्यातील दुराव्याची ही कहाणी. चंद्रकांत कुलकर्णी यांचे दिग्दर्शन, गांधीजींच्या भूमिकेत अतुल कुलकर्णी आणि कस्तुरबांच्या भूमिकेत भक्ती बर्वे. नाटक पिता-पुत्राचे असले तरी आमची नजर पुन्हा पुन्हा त्या मातेकडे जात होती. पती सत्यासाठी सर्वस्व द्यावयास निघालेला, पुत्र त्या सत्याखाली चिरडल्याची तक्रार करणारा, आणि मधोमध ही बाई. तिला दोघांचेही म्हणणे कळते आणि कोणाचीच बाजू सोडता येत नाही. स्वगताने सभागृह दणाणून सोडणाऱ्या त्याच अभिनेत्रीने येथे ऐकणे हाच अभिनय केला. दुसरा बोलत असताना रंगभूमीवर खरोखर ऐकत राहणे फार कठीण असते. अनेक नट आपले वाक्य येण्याची वाट पाहत उभे असतात. कस्तुरबांचे ते ऐकणे पाहून आम्हांला क्रुसाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मरियेची आठवण झाली. शुभवर्तमान तेथे तिच्या तोंडी एकही शब्द घालीत नाही.

त्या दिवसांत आम्ही नगर रस्त्यावरील सेमिनरीत राहत होतो. त्याच रस्त्यावर येरवड्याला आगाखान पॅलेस आहे. तेथेच स्थानबद्धतेत असताना १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा निवर्तल्या. दोघांच्या समाध्या त्याच आवारात आहेत. कितीतरी वेळा आम्ही त्या फाटकावरून सायकलने गेलो असू, पण कधी आत शिरलो नव्हतो. नाटक पाहिल्यानंतरच्या रविवारी प्रथमच आत गेलो. एका अभिनेत्रीने आम्हांला त्या समाधीपर्यंत पोहोचवले. रंगभूमीचे याहून मोठे काम कोणते?

आणि बहिणाबाई. ही रंगभूमीवरची भूमिका नव्हे, दूरदर्शनवरची. पण तिच्यावाचून आमचे विवेचन अपुरे राहील. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात सुचलेली त्यांची गाणी इतरांनी लिहून ठेवली, म्हणून राहिली. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह, त्यांचा संग्रह निघाला. मराठीच्या प्राध्यापकांनी त्यानंतर त्या निरक्षर बाईच्या ओळींचे अर्थ वर्गात समजावून सांगितले! येथे शिकवणी उलटी झाली. मंजुळा साकारणाऱ्या अभिनेत्रीने बहिणाबाईही साकाराव्यात, यात आम्हांला मोठे औचित्य दिसते. प्राध्यापकाच्या शिकवणीपूर्वीच जिच्या जिभेवर सरस्वती होती, अशी ती मंजुळा.

आता एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

भक्तीताईंचा तो एकपात्री कार्यक्रम पाहून आम्ही आनंदाने परतलो, तेव्हा आम्ही नव्यानेच दीक्षित झालेले धर्मगुरू होतो. त्याच वर्षी आमच्या धर्मग्रामातील एक बाई रविवारच्या मिस्साबलिदानात पहिले वाचन करण्याची इच्छा घेऊन आल्या. त्या मार्केट यार्डात कांदा निवडण्याच्या कामाला जात. रात्रशाळेत वाचावयास शिकल्या होत्या आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. आम्ही त्यांची चाचणी घेतली. त्यांनी यशयाचा उतारा वाचला. 'ण' चा 'न' झाला, 'श' चा 'स' झाला, जोडाक्षरे सुटी झाली. आम्ही सौम्य शब्दांत सांगितले की, उच्चार जरा शुद्ध करून घ्या, मग पाहू. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "फादर, देवाला कळतंय की माजं." आम्ही हसून म्हटले, "देवाला कळते हो, लोकांनाही कळावयास हवे." त्या पुन्हा कधी विचारावयास आल्या नाहीत. मिस्साला मात्र प्रत्येक रविवारी येत राहिल्या.

मंजुळेसाठी टाळ्या वाजवणाऱ्या आमच्या हातांनीच मंजुळेसमोर दार लावून घेतले होते. हे आमच्या ध्यानात यावयास अनेक वर्षे लागली. ध्वनिफीत पुन्हा ऐकत असताना, प्राध्यापकाचा तो आत्मसंतुष्ट सूर आम्हांला एकदम ओळखीचा वाटला. तो आमचाच होता.

वाचन स्पष्ट असावे, हे खरेच आहे. देववचन उच्चारणाऱ्याने तयारी केली पाहिजे, ही चर्चची शिकवण योग्य आहे, आणि तयारी करून घेणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे. फुलवालीसुद्धा स्वतःच्या इच्छेनेच शिकावयास जाते, हे विसरून चालणार नाही. प्रमाणभाषा शिकणे ही गुलामी नव्हे. आमच्या मुलामुलींना ती आलीच पाहिजे, नाहीतर कचेरीत आणि न्यायालयात त्यांचे कोणी ऐकणार नाही. आमची चूक शिकवण्यात नव्हती. आम्ही तर शिकवलेही नाही. त्या बाईंजवळ आधीच काहीतरी होते आणि ते ऐकण्यासारखे होते, हे आम्हांला दिसले नाही, हीच आमची चूक. यशयाचा तो उतारा त्या बाईंनी ज्या विश्वासाने वाचला, त्या विश्वासाने आम्ही तो कधी वाचला होता काय?

पेत्राची गोष्ट आठवावी. मुख्य याजकाच्या वाड्यातील अंगणात लोकांनी त्याला चेहऱ्यापेक्षा बोलीवरून ओळखले. गालीलकरांचा उच्चार लपत नव्हता. म्हणजे ख्रिस्तसभेचा पहिला प्रमुख 'अशुद्ध' बोलणारा होता. पवित्र आत्मा उतरला तेव्हा त्याने जमलेल्या लोकांना आधी यरुशलेमचे उच्चार शिकून या असे सांगितले नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले. आणि आमच्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभच मुळी एका इंग्रज धर्मगुरूने केला. फादर स्टीफन्स येथल्या लोकांची भाषा शिकले, आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्यांच्या परंपरेतील आम्ही, आणि एका कष्टकरी बाईला भाषेच्या उंबरठ्यावर थांबवून ठेवले!

एखाद्या अभिनेत्रीच्या मृत्यूनंतर २० हून अधिक वर्षांनी तिच्यावर लेख का लिहावा, असे कोणी विचारील. 'ती फुलराणी'चे नवे प्रयोग नंतरही झाले, मंजुळेची भूमिका इतर गुणी अभिनेत्रींनी केली, यापुढेही करतील. पु. ल. गेले १२ जून २००० रोजी, आणि त्यानंतर बरोबर आठ महिन्यांनी त्यांची पहिली फुलराणी गेली. नाटकाचे दुर्दैव असे की पडदा पडला की प्रयोग संपतो. उरते ते प्रेक्षकांच्या कानात. म्हणून आमच्या कानात काय उरले, ते सांगणे आम्हांला कर्तव्य वाटले. ज्याला आपण अशुद्ध म्हणून हिणवतो त्या वाणीत संपूर्ण माणूस असतो, शिकवण्यापूर्वीच असतो, हे भक्ती बर्वे यांनी आपल्या कंठाने सिद्ध केले. प्रबोधनाच्या भाषणांनी जे साधत नाही, ते त्यांनी आम्हांला हसवता हसवता साधले.

यंदाच्या प्रायश्चित्तकाळात आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. त्या आता थकल्या आहेत. पुनरुत्थानाच्या जागरण-विधीत एक वाचन कराल का, असे आम्ही विचारले. त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिले. "आता डोळं दिसत न्हाईत फादर," त्या म्हणाल्या. "नातीला सांगा. ती कालेजात जाती."

नातीने वाचले. उच्चार निर्दोष होते, वाचन उत्तम झाले. पहिल्या बाकावर तिची आजी बसली होती आणि नातीच्या प्रत्येक शब्दाबरोबर तिचे ओठ हलत होते. वेदीवर गुलछडी होती, फुलवालीने निवडून दिलेली. रात्रीच्या उपासनेपर्यंत ती टिकली, आणि दुसऱ्या दिवशीही.